धनैषणेचे पथ्य : वैद्याच्या घरातील अर्थनियोजन

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात मनुष्याच्या तीन एषणा सांगितल्या आहेत : प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्राणरक्षणानंतर लगेच धनाचा विचार येतो, कारण आयुष्य दीर्घ लाभावे आणि निर्वाहाचे साधन मात्र नसावे, ही अवस्था आचार्यांनी अत्यंत हीन मानली आहे. शेती, पशुपालन, व्यापार, राजसेवा अशी उपजीविकेची साधनेही त्याच ठिकाणी सांगितली आहेत. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी हा अध्याय अभ्यासला. पुढे व्यवसायात पडल्यावर पहिली एषणा आपण रुग्णांसाठी रोज सांभाळतो. दुसरी मात्र स्वतःच्या घरात बहुधा नशिबावर सोडून देतो.

वैद्याला निवृत्तिवेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, महागाई भत्ता नाही. दवाखाना किंवा औषधी दुकान चालू आहे तोवर उत्पन्न आहे; ज्या दिवशी आपण स्वतः अंथरुणावर पडू, त्या दिवशी ते थांबते. म्हणून पगारदार माणसासाठी लिहिलेले गुंतवणुकीचे सल्ले आपणांस जसेच्या तसे लागू पडत नाहीत. अकलूज आणि भोवतालच्या माळशिरस तालुक्यातील व्यवसायबंधूंची स्थिती डोळ्यांसमोर ठेवून या विषयाची मांडणी येथे केली आहे. जेथे एकाच पिकावर व एकाच कारखानदारीवर गाव उभे आहे, अशा महाराष्ट्रातील कोणत्याही बाजारगावास ती लागू पडेल.

उत्पन्नाचा ऋतू

आपल्या भागाचे अर्थकारण नीरेच्या पाण्यावर आणि उसावर चालते. शंकरनगर येथील सहकार महर्षी शंकरराव मोहिते-पाटील सहकारी साखर कारखान्याचा भोंगा वाजू लागला की बाजारपेठेत हालचाल सुरू होते. गळीत हंगाम सामान्यतः ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस कारखान्यास दिल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत शेतकऱ्यास मिळावयास हवी आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज देय होते. प्रत्यक्षात अनेक हंगामांत अनेक ठिकाणी बिले रखडतात, हे आपण पाहतो. बिल रखडले की रुग्णाची उधारी रखडते, आणि उधारी रखडली की औषध पुरवठादाराचे आपले देणे रखडते.

पावसाळ्यात रुग्णसंख्या वाढते, पण रुग्णाच्या हाती रोकड नसते. आषाढीपूर्वी तुकोबारायांची पालखी अकलूजला येते. त्या दिवसांत सेवा पुष्कळ घडते, मात्र ती गल्ल्याची कमाई नव्हे. म्हणजे काम एका ऋतूत आणि पैसा दुसऱ्या ऋतूत, अशी आपल्या व्यवसायाची प्रकृती आहे.

याहून गंभीर गोष्ट दुष्काळाची. महाराष्ट्रात २०१४–१५ च्या हंगामात सुमारे १०५ लाख टन साखर तयार झाली. लागोपाठच्या अवर्षणानंतर २०१६–१७ मध्ये हे उत्पादन सुमारे ४२ लाख टनांवर आले आणि पुढच्याच हंगामात ते पुन्हा १०७ लाख टनांच्या घरात गेले. दोन वर्षांत निम्म्याहून खाली आणि एका वर्षात पुन्हा वर, असा हा चढउतार आहे. ज्या गावाचे उत्पन्न असे हेलकावे खाते, त्या गावातील वैद्याचे उत्पन्न स्थिर राहील असे मानणे भ्रामक आहे.

प्रथम निदान : मालमत्तेचा तक्ता

चिकित्सेपूर्वी निदान, हा आपला नियम. अर्थनियोजनातही प्रथम एका कागदावर आपली सर्व मालमत्ता मांडावी. उदाहरणादाखल एका कल्पित पण आपल्या परिचयाच्या घराचा हिशेब घेऊ. खाली दवाखाना व वर राहते घर, अशा इमारतीची किंमत ६० लाख रुपये. बागायत जमिनीचा तुकडा ३० लाख. स्थानिक पतसंस्थेतील ठेवी ८ लाख. औषधसाठा ३ लाख. रुग्णांकडील उधारी २ लाख. घरातील सोने ६ लाख आणि बँकेतील बचत १ लाख. एकूण ११० लाख रुपये. कागदावर हे वैद्य संपन्न आहेत.

आता त्याच कागदावर दुसरा प्रश्न विचारावा : तालुक्यात सलग दोन वर्षे ऊस गेला, तर यांतील कशाची किंमत टिकेल? घराला व जमिनीला गिऱ्हाईक मिळणार नाही. पतसंस्थेचे कर्जदार हेच ऊस उत्पादक व व्यापारी असल्याने तिची वसुली थांबेल. साठा पडून राहील, उधारी बुडेल. ११० लाखांपैकी १०३ लाख रुपये एकाच पाण्यावर अवलंबून आहेत आणि वैद्यांचे मासिक उत्पन्नही त्याच पाण्यावर. वेगळ्या आधारावर उभे आहेत ते केवळ सोन्याचे ६ लाख आणि बँकेतील १ लाख.

हेच आपल्या घरांचे प्रमुख दुखणे आहे. मालमत्ता कमी आहे असे नाही. ती सारी एकाच पाटाच्या पाण्यावर लावलेली आहे. यापुढे सांगितलेल्या सर्व उपायांचा हेतू एकच : घराच्या सुरक्षिततेचा काही भाग गावाच्या अर्थकारणाबाहेर नेऊन ठेवणे.

घराचा गल्ला आणि दवाखान्याचा गल्ला

पहिले पथ्य म्हणजे दोन गल्ले वेगळे करणे. सायंकाळी दवाखान्याच्या खणातून भाजीला पैसे काढणे, पुरवठादाराचे बिल घरच्या बचतीतून भागविणे, ही सवय बहुतेकांची असते. त्यामुळे दवाखाना नफ्यात आहे की नाही हेच कळत नाही. औषधी दुकानदाराच्या बाबतीत ही चूक अधिक महाग पडते, कारण गल्ल्यातील रकमेचा मोठा भाग नफा नसून मालाची किंमत असतो.

यावर उपाय साधा आहे. व्यवसायाचे चालू खाते आणि घराचे बचत खाते स्वतंत्र ठेवावे. सर्व जमा प्रथम चालू खात्यात यावी आणि दरमहा १ तारखेस ठरावीक रक्कम, आपण आपल्यालाच दिलेला पगार म्हणून, घरच्या खात्यात जावी. वार्षिक जमा १४ लाख रुपये असेल आणि औषधे, मदतनिसांचे वेतन, वीज व भाडे मिळून ६ लाख खर्च होत असतील, तर ८ लाख उरतात. त्यातून दरमहा ४० हजारांप्रमाणे ४ लाख ८० हजार घराला द्यावेत. उरलेल्या ३ लाख २० हजारांतून कर, विमा, राखीव निधी व गुंतवणूक व्हावी. हंगामात गल्ला भरला म्हणून पगार वाढवू नये, आणि मंदीत तो कमी करण्याची वेळ येऊ नये. व्यवसायाची जमा बँकेतून गेली व आयकर विवरणपत्र नियमित भरले, तर पुढे कर्ज घेताना किंवा मोठ्या रकमेचा विमा उतरविताना उत्पन्नाचा पुरावाही हाती राहतो.

राखीव निधी

ठेवी, समभाग, सोने यांच्याआधी राखीव निधी उभा करावा. पगारदार कुटुंबास तीन महिन्यांचा खर्च पुरेसा मानतात. आपले उत्पन्न ऋतुबद्ध असल्याने किमान सहा महिन्यांचा असावा. यात केवळ घरखर्च धरून चालत नाही. वैद्य आजारी पडले तरी मदतनिसाचे वेतन, दुकानाचे भाडे व वीजबिल थांबत नाही. वरील उदाहरणात घराचे ४० हजार आणि दवाखान्याचे टळू न शकणारे २५ हजार, असे दरमहा ६५ हजार होतात. सहा महिन्यांचे ३ लाख ९० हजार. हा पैसा बँकेच्या बचत खात्यात व छोट्या मुदतीच्या ठेवींत विभागून ठेवावा. एकच मोठी ठेव न करता ५०-५० हजारांच्या ठेवी कराव्यात, म्हणजे गरजेपुरती एकच मोडता येते. कोरोनाच्या काळात २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा असा निधी असलेले आणि नसलेले, यांतील फरक आपण सर्वांनी अनुभवला.

विमा : संरक्षण व बचत यांची गल्लत नको

आपल्याकडे विमा म्हणजे मार्चअखेरीस कर वाचविण्यासाठी घेतलेली पॉलिसी, अशी समजूत रूढ आहे. मुदतीनंतर पैसे परत मिळणाऱ्या पारंपरिक पॉलिसींचा परतावा सामान्यतः वार्षिक ५ ते ६ टक्क्यांच्या आसपास पडतो आणि विम्याचे संरक्षण मात्र तुटपुंजे असते. कर्त्या माणसाच्या पश्चात घर चालावे हा हेतू असेल, तर शुद्ध मुदत विमा घ्यावा. त्यात मुदतीनंतर काही परत मिळत नाही. म्हणूनच थोड्या हप्त्यात मोठे संरक्षण मिळते. वार्षिक घरखर्चाच्या पंधरा पट आणि वर डोक्यावरील कर्ज, हा ढोबळ हिशेब पुरे. वरील घरासाठी तो ७२ लाख अधिक कर्ज असा होईल.

औषधी दुकानदार व रसशाळाचालकांनी १८७४ च्या विवाहित स्त्री संपत्ती कायद्याची माहिती अवश्य करून घ्यावी. या कायद्याच्या कलम ६ नुसार पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावर पत्नी व मुलांच्या लाभासाठी घेतलेली पॉलिसी त्यांच्यासाठीचा न्यास मानली जाते. पॉलिसी घेतानाच तसे निवेदन भरून दिले, तर व्यवसायातील धनकोंना विम्याच्या त्या रकमेवर हक्क सांगता येत नाही. अपवाद एकच, धनकोंना फसविण्याच्या हेतूने हप्ते भरल्याचे सिद्ध झाल्यास. ज्यांचे देणे-घेणे मोठे आहे, त्यांच्या घरासाठी ही मोठी ढाल आहे.

आरोग्य विमा वैद्यांनाही हवाच. आपण घरच्यांना आयुर्वेदीय चिकित्सा देऊ, परंतु अपघात, हृदयविकाराचा झटका किंवा शस्त्रकर्म यांचा रुग्णालयीन खर्च पुण्या-सोलापुरात काही लाखांत जातो. विमा नियामक प्राधिकरणाच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी आयुष उपचारांना अन्य उपचारांच्या बरोबरीने संरक्षण देणे अपेक्षित आहे. याची माहिती आपल्याला स्वतःसाठी व रुग्णांसाठीही उपयोगी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विमा यांच्या हप्त्यांवरील वस्तू व सेवा कर रद्द झाला. पॉलिसी घेताना जुने आजार लपवू नयेत. दावा नाकारला जाण्याचे ते एक मोठे कारण असते.

याखेरीज व्यावसायिक दायित्वाचा विमा घ्यावा. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आल्या. चिकित्सा निर्दोष असली तरी दाव्याचा खर्च चुकत नाही. दुकान व साठ्याचा आग, पूर व चोरीचा विमाही विसरू नये.

ठेव ठेवावी कोठे?

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. बँक, पतसंस्था व 'योजना' हे तीन वेगवेगळे प्रकार आहेत. पाटी, काचेचे दालन आणि पासबुक यांवरून ते ओळखता येत नाहीत.

१९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून देशात ठेव विमा सुरू झाला. तेव्हा संरक्षणाची मर्यादा १,५०० रुपये होती. १९९३ मध्ये ती १ लाख झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख. त्याच्या काही महिने आधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना प्रारंभी केवळ १,००० रुपये काढता येत होते. आपल्या जिल्ह्यातील उदाहरण अधिक बोलके आहे. सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेवर नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि २२ सप्टेंबर २०२२ रोजी तिचा परवाना रद्द केला. बँक गेली, तथापि सुमारे ९९ टक्के ठेवीदार आपली पूर्ण रक्कम ठेव विम्यातून मिळण्यास पात्र होते, कारण त्यांच्या ठेवी मर्यादेच्या आत होत्या.

या विम्याचे नियम नेमके समजून घ्यावेत. ५ लाखांत मुद्दल व व्याज दोन्ही येतात. एका बँकेच्या सर्व शाखांतील एकाच व्यक्तीच्या ठेवी एकत्र मोजल्या जातात. शाखा बदलून संरक्षण वाढत नाही, बँक बदलून वाढते. एकल मालकीच्या दुकानाचे चालू खाते हे मालकाच्या वैयक्तिक ठेवींतच मिळविले जाते. म्हणजे दुकानाच्या खात्यात ३ लाख आणि स्वतःच्या नावे ४ लाख एकाच बँकेत असतील, तर २ लाख उघडे आहेत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली.

सहकारी पतसंस्थेस हा विमा लागू नाही. राज्यातील पतसंस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली सहकार निबंधकांच्या देखरेखीत चालतात आणि बहुराज्य पतसंस्था २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली. रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना दोहोंकडे नसतो. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी बहुराज्य पतसंस्थेचे ठेवीदार एका दशकाहून अधिक काळापूर्वी अडकले. २०२३ मध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या शाखांतून पैसे मिळणे थांबले आणि पुढे गुन्हे दाखल झाले. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी राज्यात १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे. परंतु मालमत्ता जप्त होऊन तिचा लिलाव होईपर्यंत वर्षे लोटतात.

याचा अर्थ सर्वच पतसंस्था वाईट, असा नाही. बँका ज्यांना दारात उभे करीत नव्हत्या त्या छोट्या दुकानदारांना पतसंस्थांनी भांडवल दिले, हे आपल्या गावांनी पाहिले आहे. पण तेथे किती ठेवावे याला मात्रा हवी : बुडाले तरी घर हलणार नाही, तेवढेच. ठेव ठेवण्यापूर्वी वार्षिक अहवालातील लेखापरीक्षणाचा वर्ग, थकबाकीचे प्रमाण आणि संचालक व त्यांच्या नातेवाइकांकडील कर्जे पाहावीत. सभासद असाल तर वार्षिक सभेत विचारावे. तो आपला हक्क आहे. संस्थाचालक परिचयाचे, सोयरे किंवा आपले रुग्ण आहेत, हे अहवाल न वाचण्याचे कारण होऊ शकत नाही. बँकेपेक्षा तीन-चार टक्के अधिक व्याज मिळते, तेव्हा ते त्या जोखमीची किंमत असते. आपल्या उदाहरणातील वैद्यांनी पतसंस्थेतील ८ लाख घाईने मोडू नयेत; प्रत्येक ठेव मुदत संपताच बँकेत वळवीत जावे.

तिसरा प्रकार योजनांचा. जमीन देतो, झाडे लावतो, पक्षी पाळा, दामदुप्पट देतो, असे त्यांचे रूप बदलत असते. पर्ल्स समूहाच्या पीएसीएल कंपनीने शेतजमिनीच्या नावाखाली जमविलेले सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये दिला. देशभरात कोट्यवधी लोक त्यात गुंतले होते. एक साधे गणित येथे उपयोगी पडते. ७२ या अंकास व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट होण्यास लागणारी वर्षे मिळतात. ७ टक्क्यांनी सुमारे दहा वर्षे. कोणी तीन वर्षांत दुप्पट म्हणाला, तर तो वार्षिक २४ टक्क्यांचे वचन देत आहे. एवढा निश्चित नफा देणारा प्रामाणिक धंदा ज्याच्याकडे आहे, त्याला घरोघर ठेवी मागत फिरावे लागत नाही.

वाढीची गुंतवणूक

राखीव निधी, विमा आणि महाग कर्जाची फेड झाल्यानंतरच दीर्घकालीन वाढीकडे वळावे. क्रेडिट कार्डावरील थकबाकीस वार्षिक ३६ टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून अधिक व्याज पडते. ती फेडण्याइतकी लाभदायक गुंतवणूक दुसरी नाही.

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, ही १९६८ पासूनची योजना व्यावसायिकांस विशेष सोयीची आहे. मुदत १५ वर्षे, वर्षाकाठी किमान ५०० व कमाल दीड लाख रुपये. हप्ता ठरावीक नसल्याने हंगामात अधिक व मंदीत कमी भरता येते. व्याजदर सरकार तिमाहीगणिक जाहीर करते. एप्रिल २०२० मध्ये तो ७.१ टक्के झाला आणि पुढे अनेक वर्षे तेथेच राहिला. न्यायालयाच्या हुकुमाने कर्जवसुलीपोटी या खात्यावर जप्ती येत नाही, हाही व्यापाऱ्यास मोठा आधार आहे. साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजना उपयोगी पडते. तिची मर्यादा एप्रिल २०२३ पासून ३० लाख रुपये झाली.

महागाई वार्षिक ६ टक्के धरल्यास बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. केवळ ठेवींच्या व्याजावर ही दरी भरून निघत नाही. म्हणून दहा वर्षे वा त्याहून अधिक काळ लागणार नाही, असा काही पैसा समभागांत असावा. वैद्याला बाजारभाव पाहत बसण्यास सवड नसते व नसावीही. त्याने एक-दोन व्यापक निर्देशांकाधारित म्युच्युअल फंडांत दरमहा थोडी रक्कम आणि हंगामाअखेर काही अधिक रक्कम घालावी. २०१३ पासून फंडांच्या थेट योजना उपलब्ध झाल्या; त्यांत मध्यस्थाचे कमिशन नसल्याने खर्च कमी पडतो. ज्यांना मार्गदर्शन हवे त्यांनी सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार गाठावा. दूरध्वनीवरून वा संदेशांतून येणाऱ्या 'खात्रीच्या टिपा' मात्र टाळाव्यात.

चढउताराची कल्पना आधीच असावी. जानेवारी २००८ मध्ये २१,००० ओलांडलेला सेन्सेक्स त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात काही काळ ८,००० च्याही खाली आला होता. २१,००० पुन्हा दिसण्यास नोव्हेंबर २०१० उजाडला आणि त्यावर टिकून राहण्यास २०१४ साल. मुलीचे शुल्क २०१० मध्ये भरावयाचे असताना ज्याने ते पैसे २००७ च्या अखेरीस समभागांत ठेवले, त्याने बाजाराची नव्हे, काळाची निवड चुकविली. पाच वर्षांत लागणारा पैसा तेथे नसावाच.

काळाचे सामर्थ्य मात्र मोठे आहे. वार्षिक १० टक्के वाढ गृहीत धरली, तर दरमहा ५ हजार रुपये वीस वर्षे भरणाऱ्याचे सुमारे ३८ लाख होतात. दरमहा १० हजार दहा वर्षे भरणाऱ्याने एकूण तेवढेच, म्हणजे १२ लाख, भरलेले असतात. पण त्याचे होतात सुमारे साडेवीस लाख. प्रत्यक्ष दर कमी-अधिक होईल. तथापि तिशीतील वैद्याने 'दवाखाना स्थिर झाल्यावर पाहू' म्हणणे किती महाग पडते, हे यातून दिसते.

सोने थोडे असावे, एकूण गुंतवणुकीच्या दहाव्या भागापर्यंत. दागिन्यात घडणावळ व विकतानाची घट जाते, म्हणून दागिने ही हौस समजावी. सोन्याचा भाव नेहमी चढतोच असेही नाही. २०१३ ते २०१५ या काळात तो घसरला होता. आणि नवी जमीन? ज्यांची बहुतेक मालमत्ता आधीच गावातील घर व जमिनीत आहे, त्यांनी आणखी एक गुंठा घेऊन तीच जोखीम वाढवू नये.

औषधी दुकानदारांसाठी थोडे अधिक

साठा ही गुंतवणूक नव्हे. अधिक सवलत मिळते म्हणून वर्षभराची चूर्णे भरली आणि त्यांची मुदत संपली, तर सवलतीसह मुद्दलही जाते. सुवर्णकल्प, केशर यांसारख्या महाग द्रव्यांत अडकलेली रक्कम दर तिमाहीस वेगळी मोजावी. उधारीची वही दर महिन्यास वाचून सहा महिन्यांवरील येणे मनोमन शून्य धरावे. वसूल झाले तर आनंदच. मित्राच्या वा सहव्यावसायिकाच्या कर्जास जामीन राहणे म्हणजे ते कर्ज स्वतः घेणेच होय, हेही स्मरणात असावे.

पश्चात घराला काय सापडेल?

अनेक घरांत पैसा असतो, पण कोठे आहे ते एकाच माणसाला ठाऊक असते. खाती, पॉलिसी, फंड, कर्जे व जामिनक्या यांची यादी करून ती पत्नीस किंवा पतीस समजावून द्यावी. प्रत्येक ठिकाणी नामनिर्देशन करावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यास चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती देता येऊ लागल्या. परंतु नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे वारस नव्हे. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये समभाग व रोख्यांच्या संदर्भात हेच स्पष्ट केले : नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही, ती वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. म्हणून मृत्युपत्र करावे. त्यासाठी मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या समक्ष स्वाक्षरी मात्र आवश्यक आहे.

आपल्या शब्दाची किंमत

शेवटी एक गोष्ट व्यवसायधर्माची. उसाचे बिल हाती आलेला शेतकरी किंवा निवृत्त झालेले गुरुजी नाडी दाखविताना विचारतात, "डॉक्टर, चार पैसे आले आहेत, कुठे ठेवू?" हा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या मिळविलेला आहे, आणि तो हेरूनच योजनावाले आपल्या दवाखान्यात येतात. वैद्याचे नाव यादीत पहिले असले की खाली पन्नास नावे आपोआप येतात, हे त्यांना पक्के ठाऊक असते. कमिशनसाठी असो वा भिडेखातर, आपण 'मीही ठेवले आहेत' एवढेच म्हटले तरी ते रुग्णाला औषधपत्राइतके प्रमाण वाटते. पुढे रक्कम बुडाली तर त्याची ठेव जाते आणि आपल्यावरील श्रद्धाही जाते. मग औषधावरही विश्वास उरत नाही.

म्हणून त्या प्रश्नाला आपले उत्तर ठरलेले असावे. गुंतवणुकीचा सल्ला देणे हे आपले काम नाही, असे सांगून त्याला तीन प्रश्न शिकवावेत : या संस्थेवर देखरेख कोणाची? माझ्या ठेवीस विमा आहे का आणि किती रकमेपर्यंत? हे पैसे बुडाले तर माझ्या घरात काय थांबेल? रुग्णाला हे तीन प्रश्न सांगण्यापूर्वी येत्या सुट्टीच्या दिवशी आपण आपल्या घराचा तक्ता मांडून बसावे आणि तेच प्रश्न प्रथम स्वतःला विचारावेत.